बाबांच्या फोनमधल्या खुर्च्या

बाबांच्या फोनमध्ये अठराशे फोटो निघाले आणि त्यातल्या सोळाशेंत औषधालासुद्धा माणूस नव्हता. होत्या त्या खुर्च्या. त्याही उताण्या. चारी पाय वर, पोट उघडं, फाटकं कापड लोंबतंय, स्प्रिंगा बाहेर डोकावतायत. लोकांच्या फोनमध्ये नातवंडं असतात, जेवणाची ताटं असतात, निदान एखादा सूर्यास्त तरी असतो. या माणसानं सहा वर्षं खुर्च्यांची पोटं जपून ठेवली होती.

पण हे टाचणीला कळलं ते चारचौघांत आणि नको त्या वेळी, म्हणून आधी थोडं मागचं सांगायला हवं.

टाचणी ही त्यांची धाकटी मुलगी, वय बेचाळीस. लहानपणी काटकुळी होती आणि बोलायला टोचरी, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. पुढे ती अंगानं भरली, पण नाव सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर टोचरेपणाही सुटला नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. दिवसभर बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या: पाणी कुठलं, भरलं कुणी, किती वाजता. बिनचिठ्ठीची बाटली दिसली की तिचा जीव खालीवर व्हायचा. बाबा सोफे आणि खुर्च्या नव्यानं भरून देणारे. वर घर आणि तळमजल्यावर त्यांची कामाची खोली. आसपासचे सगळे त्यांना सोफेवाले म्हणूनच ओळखायचे.

चार महिन्यांपूर्वी डोक्यातल्या एका बारीकशा रक्तवाहिनीनं दगा दिला. उजवा हात हळूहळू बराचसा परत आला, चालणंही आलं. जिभेला मात्र कुलूप लागलं ते लागलंच. कळायचं सगळं. आई चुकीचं औषध द्यायला लागली की मान हलवायचे. पण बोलायला तोंड उघडलं की शब्द घशापर्यंत यायचा आणि तिथूनच मागे फिरायचा. मग ते तोंड मिटायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. चार महिन्यांत चकार शब्द नाही.

दर बुधवारी त्यांना एका बाईंकडे न्यायचे. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हेच त्यांचं काम, म्हणून आई त्यांना बोलक्या बाई म्हणायची. खरं तर बाई फार कमी बोलायच्या. एका बुधवारी त्यांनी टाचणीला बाजूला घेतलं.

"घरच्यांचे फोटो आणि छोटे व्हिडिओ एकत्र करा," त्या म्हणाल्या. "ऑनलाइन त्याचा स्लाइड शो बनवता येतो. लिंक मला पाठवा, मी इथे लावीन, तुम्ही घरी रोज लावा. ओळखीचा चेहरा समोर आला की कधीकधी नाव आपसूक बाहेर पडतं."

"आणि नाही पडलं तर?"

"आजपासून चौथ्या बुधवारी मी पुन्हा तपासणी करणार आहे. तोवर काकांचा स्वतःचा एक जरी शब्द आला तर आपण बोलण्यावरच जोर देऊ. नाही आला तर चित्रांची वही करू. पाणी हवं असलं की पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. त्यात वाईट काही नाही, खूप लोकांचं छान चालतं."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं या माणसाशी वाद घातलेत मी. आता काय चित्रावर बोट ठेवून भांडायचं?" म्हणाली हसतच, पण तोंड दुसरीकडे फिरवून. टाचणीनं तेव्हाच मनाशी ठरवलं की एक शब्द आणायचाच. कुठलाही चालेल. शिवी असली तरी चालेल.

कामाला लागली. आधी दादाला फोन केला. दादा लांब राहतो आणि लांबून उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

"अगं, सोपं आहे," तो म्हणाला. "सगळं वर चढवायचं. निवडायचं, जुळवायचं, गाणं लावायचं, ते आपोआप होतं. तू फक्त बटणं दाब."

त्यानं स्वतःचे चौदा फोटो पाठवले. त्यातल्या अकरांत तो वेगवेगळ्या गाड्यांना टेकून उभा होता.

मग आईच्या कपाटातले जुने अल्बम निघाले. टाचणी एकेका फोटोचा फोनवर फोटो काढायला बसली, तर प्रत्येकाच्या कपाळावर ट्यूबलाइट चमकायला लागली. आईनं काढलेल्या फोटोंत माणसं गळ्यापासून खालीच होती. आई म्हणाली, कपडे तर ओळखू येतात ना. असं करता करता मंगळवारची संध्याकाळ झाली, नाकी नऊ आले, आणि शेवटी टाचणीनं बाबांचा फोन घेतला, त्यातलं सगळंच्या सगळं एका दमात वर चढवलं. संकेतस्थळानं नम्रपणे विचारलं: तुमच्यासाठी उत्तम साठ आम्ही निवडू का? तिनं हो म्हटलं. वर नाव लिहिलं, 'आपली माणसं'. लिंक आली, ती बाईंना पाठवली, दादाला पाठवली, आणि एकदाही उघडून न बघता ती मोकळी झाली. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता.

दुसऱ्या बुधवारी बाईंच्या खोलीत चौघं बसले. भिंतीवर आरसा, टेबलावर लॅपटॉप, शेजारी पाण्याचा जग. पडद्यावर सुंदर अक्षरांत 'आपली माणसं' आलं आणि त्याच्या खाली एक खुर्ची, उताणी.

दुसरी खुर्ची. तिसरा सोफा. मग गाडीला टेकलेला दादा. मग पुन्हा खुर्ची.

झालं होतं असं की त्या यंत्रानं हललेले, अंधारे, चमकलेले सगळे फोटो बाजूला टाकले होते. घरचे सगळे फोटो त्यातलेच होते. खुर्च्या काही हलत नाहीत आणि बाबांचा हात दगडासारखा स्थिर. यंत्राच्या हिशेबात कुटुंब नापास झालं आणि फर्निचर पहिल्या वर्गात आलं.

टाचणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी, सॉरी, माझी चूक," म्हणत तिनं बंद करायला हात पुढे केला, तर बाबांनी तिचं मनगट धरलं. उजव्या हातानं. आणि ते पुढे वाकले.

घरातले अल्बम दाखवले तेव्हा हा माणूस दुसऱ्याच्या घरातली भिंत बघावी तसा बघत होता. आता त्यांचे डोळे पडद्यावर सरसर फिरत होते. एका स्टुलाशी ते थांबले, एका सोफ्यावर भुवया वर गेल्या, एका खुर्चीला तर त्यांनी ओळखीच्या माणसाला करावी तशी मान हलवली.

"थांबा," बाई हळूच म्हणाल्या. "चालू राहू दे."

मग एक व्हिडिओ आला. फोन कशावर तरी टेकवून ठेवलेला असावा. चित्रात फक्त दोन हात होते, बाबांचे. पक्कड घेऊन खुर्चीच्या तळाचे खिळे उपसत होते. वर एक गुळगुळीत संगीत वाजत होतं, फोनवर आपल्याला ताटकळत ठेवतात तेव्हा लावतात तसलं. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी टेबलावर थाप मारली. मग वाकून लॅपटॉपच्या मागे बघितलं, जणू तिथे काहीतरी राहिलं होतं. दुसऱ्या व्हिडिओला पुन्हा तेच, पुन्हा थाप. पाचव्या व्हिडिओला ते मागे टेकले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

काय शोधत होते ते? बाईंना सांगता येईना. आई म्हणाली, संगीत आवडलं नसेल, मलाही नाही आवडलं. टाचणीच्या डोक्यात मात्र तो प्रश्न घर करून बसला. माणूस लॅपटॉपच्या मागे का बघतो?

घरी आल्यावर कामाच्या खोलीकडे उतरणाऱ्या जिन्यावर ती बसली आणि स्लाइड शोच्या आतली सगळी बटणं एकेक करून उघडायला लागली. कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: व्हिडिओचा मूळ आवाज बंद. यंत्रानं आपलं गाणं वर चढवलं होतं आणि खालचा आवाज दाबून टाकला होता. आपोआप. तिनं बाबांचा फोन काढला आणि त्यातला पहिला व्हिडिओ सरळ फोनवरच लावला.

"हं," बाबा म्हणाले. "आरामखुर्ची. मागचा डावा पाय सैल. खिळे नऊ, त्यातले दोन गंजके. तळाचं कापड निघालं. आता पट्टे. पहिला पट्टा पुढून मागे, दुसरा आडवा, वरून खालून विणलेला. हं. सावकाश."

टाचणी रडायला लागली. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. चार महिन्यांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता, आणि तो असा खिशात घेऊन सगळे हिंडत होते.

तिनं आईला खाली बोलावलं. आईनं दोन मिनिटं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "खाली हे बोलताना मला कायम ऐकू यायचं. मला वाटायचं गिऱ्हाईक आलंय. दोनदा तर चहा घेऊन आले मी दोघांचा."

म्हणजे पद्धत अशी होती. बाबांना लिहायचा कंटाळा, आणि कामात हात मळलेले. खुर्ची उघडताना काय कुठून निघालं हे लक्षात राहिलं नाही तर परत जुळवताना पंचाईत. म्हणून आधी उताण्या खुर्चीचा फोटो, मग फोन समोर उभा करून उघडता उघडता सगळं मोठ्यानं सांगायचं. जोडताना तेच ऐकायचं आणि शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं. दोनशे बारा व्हिडिओ होते. आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, कठडा धरून, बाबा उभे होते. फोनमधला आवाज ऐकत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

पुढचे तीन दिवस टाचणीनं प्रयोगशाळेतून रजा घेतली. स्लाइड शो मुळापासून नवा केला. गाणं काढून टाकलं, मूळ आवाज चालू केला, यंत्राला म्हटलं तुझं उत्तम तुझ्याजवळ ठेव. दोनशे बारा व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून बघितले, प्रत्येकाला क्रमांक, तारीख आणि एका ओळीची चिठ्ठी. बघता बघता तिलाच त्याची गोडी लागली. खुर्ची पुढून उघडायची नसते, तळातून उघडायची असते, हे तिला बेचाळिसाव्या वर्षी कळलं. खुर्च्यांच्या पोटात काय काय निघायचं तेही बाबा सांगत जायचे. "दोन बटणं. चष्म्याची दांडी. पेन्सिल, अर्धी. कंगवा एक. बिस्कीट. बटणं परत करायची, बिस्कीट नाही." ती एकटीच हसत बसायची. बाबा विनोदी आहेत हे घरात कुणी तिला सांगितलं नव्हतं. घरात ते फारसे बोलायचेच कुठे.

रविवारी सकाळी तिनं नवा स्लाइड शो बाबांसमोर लावला. पडद्यावर आरामखुर्ची आली. "हं," फोनमधले बाबा म्हणाले. "हं," खुर्चीतले बाबा म्हणाले. "मागचा डावा पाय सैल," आवाज म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ, अर्धा श्वास मागे, घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात बाबांचं तोंड म्हणालं, "डावा पाय सैल. खिळे नऊ."

आई होती तिथेच जमिनीवर बसली. टाचणीनं दादाला व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरला. दादानं पूर्ण पाच मिनिटांत एकही सल्ला दिला नाही, त्याच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असेल.

तिसऱ्या बुधवारी टाचणी बाईंकडे गेली ती जवळजवळ उड्या मारतच. बाईंनी सगळं ऐकलं, त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी आवाज बंद केला आणि चित्र तसंच चालू ठेवलं. बाबांचे हात पडद्यावर खिळे उपसत राहिले. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं.

"हे सोबतीचं बोलणं आहे," बाई म्हणाल्या. "आवाजाचं बोट धरून ते चालतायत. फार चांगली खूण आहे, मी लिहून घेते. पण हे सगळे शब्द फोनमध्ये आधीच आहेत. मला जो फोनमध्ये नाही असा शब्द हवा. एकच पुरे."

टाचणीचा चेहरा खर्रकन उतरला. हाती एक आठवडा उरला होता.

तिनं प्रयोगशाळेतल्यासारखे प्रयोग मांडले. वाक्य अर्धं तोडून बघितलं. "पहिला पट्टा..." इथे आवाज कापला की बाबा "पुढून मागे" म्हणायचे. छान, पण ते फोनमध्ये होतंच. खऱ्या पट्ट्याचा तुकडा हातात दिला, बाबांनी तो नुसता कुरवाळला. पाण्याचा पेला समोर धरून विचारलं, बाबा, हे काय? घशापर्यंत शब्द आलेला दिसायचा आणि मागे फिरायचा. वहीत तिनं लिहिलं: स्वतःचा शब्द, शून्य. सोमवार, शून्य.

मंगळवारी एकशे सत्तेचाळीस क्रमांकाचा व्हिडिओ तिनं पुन्हा उघडला. खरं तर तो तिनं पहिल्या दिवशीच ऐकला होता आणि मुद्दाम बाजूला ठेवला होता. उंच पाठीची एक जुनी खुर्ची. बाबा नेहमीसारखे सांगत होते: तळाचं कापड निघालं, आतली भर घट्ट, एका कोपऱ्यात पोकळ. मग अचानक थांबले. मग पावलांचा आवाज आला.

"टाचणी," बाबा म्हणाले. "बस ना दोन मिनिटं. ये, बघ आत काय निघालंय."

आणि मग तिचा स्वतःचा आवाज: "नंतर, बाबा. घाईत आहे मी."

दार लागलं. त्यानंतर चाळीस सेकंद काहीच नाही. दोन हात खुर्चीवर नुसते ठेवलेले. मग एक बोट पुढे आलं आणि व्हिडिओ संपला.

तिला तो दिवस आठवत नव्हता. कसली घाई होती तेही आठवत नव्हतं, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटलं. नंतर तिनं कधी विचारलंही नव्हतं की काय निघालं होतं.

पण या वेळी तिची नजर तारखेवर गेली. एकशे अठ्ठेचाळीसमध्ये तीच खुर्ची होती, तोच कोपरा, आणि तारीख वीस दिवसांनंतरची. "हं. पुढे," म्हणून बाबांनी काम सुरू केलं होतं. मधल्या दिवसांचा उल्लेख नाही, आत काय निघालं त्याची यादी नाही. वीस दिवस? उघडलेली खुर्ची बंद केल्याशिवाय जो माणूस जेवायला वर यायचा नाही, त्यानं ती वीस दिवस तशीच ठेवली? बाकी दोनशे दहा व्हिडिओंत असं एकदाही झालं नव्हतं. तिनं पुन्हा पुन्हा बघितलं, चित्र मोठं करून बघितलं. तो कोपरा अंधारात होता. ताकास तूर लागेना. सांगणारा जगात एकच माणूस होता.

ती फोन घेऊन बाबांकडे गेली, खुर्चीचा फोटो दाखवला. "यात काय निघालं होतं, बाबा?"

बाबांनी फोटोकडे बघितलं, मग तिच्याकडे. तोंड उघडलं. शब्द येतोय, येतोय असं वाटलं. मग त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि हातानंच सांगितलं, जा.

तिनं तो व्हिडिओ उद्याच्या स्लाइड शोमध्ये सगळ्यात शेवटी घ्यायचं ठरवलं. दादा फोनवर म्हणाला, "नको गं. त्यांना त्रास होईल, तुलाही होईल. काढून टाक."

"राहू दे," ती म्हणाली. "मला ऐकायचंय काय निघालं ते." कातरीचं चित्र असलेलं बटण दाबून तिनं व्हिडिओ 'निघालंय' या शब्दावर कापला. आपलं उत्तर पुसून टाकलं. त्यापुढे एक कोरी स्लाइड ठेवली. संकेतस्थळानं विचारलं: ही स्लाइड रिकामी आहे, काढून टाकू का? तिनं नाही म्हटलं.

चौथा बुधवार. बाईंच्या हातात तपासणीचा कागद होता. आई पदराशी चाळा करत बसली होती. स्लाइड शो सुरू झाला. बाबा आवाजाबरोबर चालत राहिले, खिळे नऊ, दुसरा पट्टा आडवा, बिस्कीट नाही. बाई हसल्या आणि लिहीत राहिल्या. पण स्वतःच्या शब्दांच्या रकान्यात अजून काही नव्हतं हे टाचणीला उलट्या बाजूनंही दिसत होतं.

मग उंच पाठीची खुर्ची आली. एका कोपऱ्यात पोकळ. पावलं.

"टाचणी," आवाज म्हणाला, आणि बाबा म्हणाले, "टाचणी. बस ना दोन मिनिटं. ये, बघ आत काय निघालंय."

पडदा कोरा झाला. टाचणी उठली, आपली खुर्ची ओढून बाबांच्या अगदी समोर घेतली, आणि बसली.

"बसले, बाबा," ती म्हणाली. "सांगा. काय निघालं होतं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. गळ्यावरची शीर ताणली गेली. बाईंनी हात वर केला, कुणी मदत करू नका म्हणून. बाबांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला आणि त्याची ओंजळीसारखी वाटी झाली.

"पि," ते म्हणाले. थांबले. "पि..."

आई 'पिन' म्हणायच्या बेतात होती. टाचणीनं तिच्याकडे न बघता तिचा हात दाबला.

"पिल्लं," बाबा म्हणाले.

दोनशे बारा व्हिडिओ तिला आता पाठ होते. हा शब्द त्यातल्या एकातही नव्हता.

"कुणाची पिल्लं, बाबा?"

"उंदीर." घामानं त्यांचं कपाळ ओलं झालं होतं, पण त्यांनी नजर काढली नाही. पंजा उघडून दाखवला. "पाच. बारीक... डोळे... मिटलेले."

बाईंची लेखणी कागदावर पळत होती. टाचणीला रडू फुटत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्याहून जास्त तिला पुढचं हवं होतं.

"मग तुम्ही काय केलंत?"

बाबांनी बराच वेळ घेतला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कुणी घाई केली नाही.

"थांबलो," ते म्हणाले.

वीस दिवस. टाचणीनं मान खाली घातली.

आईला मात्र दम निघाला नाही. डोळे पुसत ती म्हणाली, "तरीच. मला खाली येऊ देत नव्हतात तुम्ही तेव्हा. रंगाचा वास आहे म्हणे. म्हणजे तीन आठवडे माझ्या घरात उंदीर पाळले होते तर."

"हो," बाबा म्हणाले.

टाचणीनं खुर्ची आणखी पुढे ओढली. "आणि गेली कशी ती? सगळी एकदम, की एकेक?"

बाबा शब्द शोधायला लागले. ती वाट बघत बसली.